सिरियल प्रिंटरकडे वळवलेले एरर संदेश अर्धवट छापले जातात

कुपवाड_शीतगृह यांचा प्रश्न

नमस्कार. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत बेदाणा ठेवण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. चार खोल्यांत मिळून १६ तापमान सेन्सर आहेत. सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम दर २ मिनिटांनी ते वाचतो, वाचलेले आकडे नेहमीच्या आउटपुटवर देतो आणि एखादा सेन्सर उत्तर देईनासा झाला की त्याचा संदेश एरर आउटपुटवर पाठवतो. आकडे फाइलमध्ये जातात आणि एरर संदेश रखवालदार मामांच्या केबिनमधील डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापले जावेत, अशी रचना मी केली आहे. आज्ञा अशी आहे:

तापमान >> नोंद २> /डेव्ह/टीटीवायएस०

संगणक जुना आहे, त्यावर डेबियन लिनक्स आहे आणि सिरियल पोर्ट मदरबोर्डवरचाच, ९ पिनांचा आहे. प्रिंटरला २५ पिनांचे सिरियल सॉकेट आहे. मधली केबल सुमारे १२ मीटर लांबीची आणि तीनच तारांची आहे. वेग ९६००, डेटा ८ बिट, पॅरिटी नाही, असे दोन्हीकडे जुळवलेले आहे. प्रिंटरच्या पुस्तिकेत बफर (छापण्याआधी मजकूर साठवण्याची जागा) २ किलोबाइट, तर वेग सेकंदाला २०० अक्षरे असा दिला आहे. प्रिंटरला पाठवलेल्या आज्ञा वाटेत बदलू नयेत म्हणून मी संगणक सुरू होतानाच एसटीटीवाय या पोर्टची जुळवणी करणाऱ्या आज्ञेने पोर्ट ‘रॉ’ (मजकुरात काहीही बदल न करणारा) करून ठेवते.

अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. सुरुवातीला प्रत्येक ओळ आधीची ओळ जिथे संपली तिथूनच सुरू व्हायची, त्यामुळे मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उजवीकडे सरकत जाऊन शेवटी कागदाच्या कडेवर एकावर एक छापला जायचा. प्रोग्राममधील प्रत्येक संदेशाच्या शेवटी मी कॅरेज रिटर्न घातल्यावर ते संदेश सरळ झाले, परंतु नोंदीची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवणाऱ्या सीपी आज्ञेचे संदेश अजूनही तसेच घसरतात. त्या संदेशांत फाइलच्या नावाभोवती ग्रीक गॅमा, शेपटीचा सी आणि डोक्यावर दोन टिंबे असलेला वाय अशी चिन्हेही उमटतात.

सर्वांत गंभीर अडचण लाइट जाऊन परत आल्यावर येते. त्या वेळी सर्व १६ सेन्सर एकदम बोंब मारतात, म्हणजे प्रत्येकी ७० अक्षरांच्या तीन ओळी धरून ४८ ओळी छापल्या गेल्या पाहिजेत. त्यांपैकी पहिल्या ३६-३७ ओळी स्वच्छ येतात, पुढचा मजकूर तुकड्यातुकड्यांत येतो आणि चौथ्या खोलीचे संदेश जवळजवळ नाहीसेच होतात. एवढे झाल्यावर बहुतेक वेळा कागदावर टोपीसारखे चिन्ह आणि त्यापुढे क्यू हे अक्षर उमटते, क्वचित टोपी आणि एस. ही अक्षरे आमच्या प्रोग्राममध्ये कुठेच नाहीत. केबल बदलावी, की प्रिंटर बदलावा, हे कृपया सांगावे.

मोबाइलवर संदेश का पाठवत नाही, असे कोणी विचारण्याआधीच सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वीज आणि मोबाइलचे जाळे दोन्ही बेभरवशाचे झाले होते. छापलेल्या ओळीपुढे मामा वेळ घालून सही करतात, आणि तासगाव, कवठेमहांकाळकडचे शेतकरी आपला माल पाहायला येतात तेव्हा तोच कागद त्यांच्यापुढे ठेवता येतो. म्हणून प्रिंटर हवाच आहे.

---

मिरज_दुरुस्ती

ताई, केबल बदलू नका आणि प्रिंटरही बदलू नका. आपण लक्षणे इतकी बारकाईने लिहिली आहेत की निदान त्यांतच आहे, आणि सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे आपल्याला निरर्थक वाटलेली टोपी आणि क्यू.

प्रिंटरचा बफर भरत आला की तो संगणकाला ‘थांब’ असे सांगतो. आपली केबल तीन तारांची असल्यामुळे हे सांगण्याकरिता वेगळी तार नाही. अशा वेळी प्रिंटर डेटाच्याच परतीच्या तारेवरून क्रमांक १९ चे अक्षर पाठवतो, ज्याला एक्स-ऑफ म्हणतात, आणि जागा झाली की क्रमांक १७ चे, म्हणजे एक्स-ऑन, पाठवतो. कळफलकावर हीच दोन अक्षरे अनुक्रमे कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू दाबल्याने निघतात. लिनक्समध्ये सिरियल पोर्टवर ‘इको’ मुळातच चालू असतो, आणि एको-कंट्रोल ही सोयही चालू असल्यामुळे आत आलेले नियंत्रण अक्षर टोपी लावून परत पाठवले जाते. थोडक्यात, प्रिंटर विनवणी करत होता आणि संगणक ती विनवणी न पाळता तिची नक्कल त्याच्याच कागदावर छापत होता. क्यू वारंवार आणि एस क्वचित दिसण्याचे कारणही यात आहे. एसची नक्कल रांगेत थांबलेल्या मजकुराच्या मागे लागते आणि भरलेल्या बफरवर आपटून बहुधा हरवते, तर क्यूची नक्कल जागा मोकळी झाल्यावर पोहोचते. या एका चिन्हावरून परतीची तार शाबूत आहे आणि प्रिंटरचा स्विच एक्स-ऑन/एक्स-ऑफवर आहे, या दोन्ही गोष्टी मल्टिमीटर हातात न घेता सिद्ध होतात.

आता संगणक ऐकत का नव्हता, ते पाहू. एसटीटीवायमधील ‘रॉ’ हा एक शब्द अनेक गोष्टी एकदम बदलतो. तो आउटपुटवरील सर्व प्रक्रिया बंद करतो, त्यामुळे नव्या ओळीच्या अक्षराबरोबर कॅरेज रिटर्न जोडले जात नाही, आणि आपला जिना तयार होतो. तोच शब्द ‘आयएक्सऑन’ही बंद करतो, म्हणजे एक्स-ऑफचा मान राखणेच बंद होते. इको मात्र तो बंद करत नाही. आपल्या जिन्याचे, हरवलेल्या ओळींचे आणि टोपीवाल्या क्यूचे मूळ असे एकाच शब्दात आहे.

३६-३७ ओळींचा आकडाही हिशेबात चोख बसतो. ९६०० वेगाने, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून प्रत्येक अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे येतात. प्रिंटर २०० छापतो, म्हणून बफरमध्ये सेकंदाला ७६० अक्षरे साचतात आणि २०४८ अक्षरांची जागा सुमारे २.७ सेकंदांत भरते. तोपर्यंत साधारण २५९० अक्षरे, म्हणजे ७० च्या हिशेबाने ३७ ओळी आलेल्या असतात. आपल्या एकूण ३३६० अक्षरांपैकी उरलेली जेवढी जागा मिळेल तेवढीच टिकतात आणि बाकीची पडून जातात. चौथी खोली यादीत शेवटी असल्यामुळे तिचेच संदेश बळी पडतात.

उपाय असा आहे. रॉ काढून टाका आणि त्याजागी आज्ञेत हे शब्द लिहा: सेन, ९६००, सीएस८, उणे पॅरेनबी, उणे सीस्टॉपबी, सीलोकल, आयएक्सऑन, उणे इको, ओपोस्ट, ओएनएलसीआर. ‘उणे’ म्हणजे शब्दाआधी आडवी रेघ. संदेशांत हाताने घातलेले कॅरेज रिटर्न त्यानंतर काढले तरी चालेल. ठेवले तरी डोके डावीकडे दोनदा जाण्यापलीकडे काही होणार नाही, परंतु नोंद वाचणाऱ्या पुढच्या माणसाचा गोंधळ टाळण्यासाठी ते काढलेलेच बरे.

एक सवय मात्र जरूर लावून घ्या. काही युनिक्स प्रणालींवर पोर्ट वापरणारा शेवटचा प्रोग्राम बंद झाला की पोर्टची जुळवणी मूळपदावर जाते, आणि यूएसबी कन्व्हर्टर काढून पुन्हा लावला तर लिनक्सवरही तसे होते. म्हणून पोर्ट आधी ३ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलला किंवा पोर्टला मिळणारा क्रमांक) उघडावा, एसटीटीवायला त्याच डिस्क्रिप्टरवरून इनपुट द्यावे आणि प्रोग्रामचे एरर आउटपुटही त्याच ३ कडे वळवावे. म्हणजे जुळवणी केलेला पोर्ट आणि छपाईचा पोर्ट यांच्यामध्ये तो बंद होण्याची संधीच राहत नाही.

केबलबद्दल एवढेच सांगतो की या जोडणीसाठी परंपरेने सांगितली जाणारी मर्यादा १५ मीटरची आहे, त्यामुळे १२ मीटर चालेल. फक्त ती कॉम्प्रेसरच्या मोटरच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेलेली नसावी.

---

विश्रामबागकर

गॅमा, शेपटीचा सी आणि दोन टिंबांचा वाय यांचा उलगडा करतो. आपल्या संगणकाची भाषा-जुळवणी यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीची आहे. अशा जुळवणीत जीएनयूची जुनी साधने फाइलच्या नावाभोवती साधे अवतरणचिन्ह न देता वळणदार अवतरणचिन्ह देतात. सुरुवातीचे असे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते, सोळाच्या पद्धतीत ई२, ८० आणि ९८. प्रिंटरला यूटीएफ-८ ठाऊक नाही. तो प्रत्येक बाइट आपल्या ४३७ क्रमांकाच्या कोड पेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, शोधतो, आणि तिथे याच तीन जागांवर आपण वर्णन केलेली तीन चिन्हे बसलेली आहेत.

छपाईपुरते एलसी_ऑल हे चल ‘सी’ असे ठेवून आज्ञा चालवा, म्हणजे अवतरणचिन्हे साधी येतील. रखवालदारांना संदेश मराठीत मिळावेत म्हणून आपण कधी देवनागरी पाठवाल, तर त्याचेही असेच होईल. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ई० ने सुरू होणारे तीन बाइटांचे असते, त्यामुळे कागदावर अल्फांची रांग लागेल. ‘खोली ४ सेन्सर बंद’ हे रोमन लिपीत छापणे हाच इथे सरळ मार्ग आहे, आणि मामांना ते वाचता येते की नाही, हे एकदा त्यांनाच विचारून घ्यावे.

---

कृष्णाकाठ

वर दिलेला उपाय योग्यच आहे. त्याला एक जुना पर्याय सांगतो, कारण काही ठिकाणी परतीची तारच नसते. प्रिंटरचा आणि पोर्टचा वेग १२०० करावा. मग सेकंदाला १२० अक्षरेच येतील, प्रिंटर २०० छापू शकतो, आणि बफर भरण्याचा प्रश्नच उद्भवणार नाही. आपल्या ३३६० अक्षरांना ३.५ सेकंदांऐवजी २८ सेकंद लागतील, ज्याने आपले काही बिघडत नाही. वेगाचे स्विच हलवल्यावर प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा, कारण बहुतेक प्रिंटर ते स्विच चालू होतानाच वाचतात. या पर्यायात कागद संपला असता येणारे संदेश मात्र हरवतील, ही उणीव राहते.

---

कुपवाड_शीतगृह

सर्वांचे मनापासून आभार. रॉ काढले, सांगितल्याप्रमाणे जुळवणी केली, आणि मुद्दाम मेन स्विच पाडून पुन्हा चालू केला. सर्व ४८ ओळी छापल्या गेल्या. टोपीवाला क्यू उमटला नाही. एलसी_ऑलही बदलले, आणि मामा रोमन अक्षरे वाचतात, हे विचारून घेतले.

---

कुपवाड_शीतगृह (नऊ दिवसांनी)

पुन्हा लिहावे लागत आहे, आणि या वेळी प्रकरण अधिक चिंतेचे आहे. काल रात्री तिसऱ्या खोलीतील एक सेन्सर बंद पडला होता, त्यामुळे दर २ मिनिटांनी त्याचा तीन ओळींचा संदेश छापला जात होता. रात्री १:१० च्या सुमारास प्रिंटरचा कागद संपला. मामा फेरीवर होते, नंतर त्यांचा डोळा लागला, आणि त्यांनी नवा कागद पहाटे ५:४० ला घातला. सकाळी पाहते तो नोंदीच्या फाइलमध्ये १:४८ नंतर ५:४० पर्यंत एकही आकडा नाही. सुरू असलेल्या १५ सेन्सरांचेही आकडे नाहीत. संगणक चालू होता, प्रोग्राम बंद पडलेला नव्हता, आणि कागद घालताच तो आपोआप पुढे सुरू झाला. खोल्यांचे तापमान सुदैवाने ठीक होते, पण जवळजवळ चार तास आम्ही आंधळे होतो. पूर्वी कागद संपला तर संदेश हरवायचे, प्रोग्राम कधी थांबत नसे.

---

सातारा_जुना_ऑपरेटर

आपण शेवटच्या वाक्यात जे लिहिले आहे, तेच याचे उत्तर आहे. पूर्वी संगणक प्रिंटरचे ऐकत नव्हता, म्हणून संदेश हरवत आणि प्रोग्राम धावत राही. आता तो ऐकतो. कागद संपताच प्रिंटरने एक्स-ऑफ पाठवला आणि संगणक आज्ञाधारकपणे थांबला.

लगेच न थांबता तो अडतीस-चाळीस मिनिटांनी थांबला, याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. सिरियल पोर्टसाठी लिनक्स कर्नल ४०९६ बाइटांची रांग राखून ठेवतो. पोर्ट थांबलेला असला तरी प्रोग्रामने लिहिलेला मजकूर या रांगेत मावेल तोवर लिहिणे यशस्वी होते आणि प्रोग्रामला काहीच कळत नाही. आपला संदेश ७० च्या तीन ओळी आणि वर जोडली जाणारी तीन कॅरेज रिटर्न मिळून २१३ अक्षरांचा आहे. असे १९ संदेश रांगेत मावतात, विसावा अर्धवट मावतो आणि लिहिण्याची आज्ञा तिथेच अडकते. दर २ मिनिटांना एक, या हिशेबाने ती वेळ १:५० च्या आगेमागे येते. एरर आउटपुटला सी भाषेत बफर नसतो, त्यामुळे संदेश लिहिणारे वाक्य पोर्टपाशी थेट जाऊन थांबते, आणि सेन्सर वाचणारा तोच एक प्रोग्राम असल्यामुळे वाचनही थांबते. हा प्रोग्रामचा दोष नाही. त्याला प्रिंटरला थेट बांधले गेले, एवढेच झाले आहे.

म्हणून प्रोग्रामने प्रिंटरकडे थेट लिहू नये. एरर आउटपुट साध्या फाइलमध्ये जोडावे आणि त्या फाइलचे शेपूट, म्हणजे शेवटी जोडल्या जाणाऱ्या नव्या ओळी, प्रिंटरकडे नेण्याचे काम टेल या दुसऱ्या, स्वतंत्र आज्ञेला द्यावे:

तापमान >> नोंद २>> चुका

आणि वेगळ्या ठिकाणी, ३ क्रमांकावर पोर्ट उघडून त्याची जुळवणी केल्यानंतर:

टेल -एन ० -एफ चुका >&३

इथे एफ मोठ्या लिपीतला घ्यावा, म्हणजे महिन्याच्या शेवटी चुका ही फाइल बाजूला काढून नवी सुरू केली तरी टेल नव्या फाइलच्या मागे लागेल. कागद संपला तर आता टेल अडकेल, प्रोग्राम नाही. संदेश डिस्कवर साचत राहतील आणि कागद घातल्यावर टेल जिथे थांबला होता तिथून क्रमाने छापेल.

---

विश्रामबागकर

याऐवजी एरर आउटपुट टी या आज्ञेला पाइपने (एका प्रोग्रामचे आउटपुट थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीने) द्यावे, तिने एक प्रत फाइलमध्ये ठेवावी आणि दुसरी पोर्टवर पाठवावी, असे केले तर एकाच ओळीत काम होणार नाही का?

---

सातारा_जुना_ऑपरेटर

होणार नाही, आणि ही चूक फार उशिरा लक्षात येणारी असल्यामुळे सविस्तर लिहितो. टी दोन्ही प्रती एकापाठोपाठ एक लिहिते. पोर्ट अडकला की टी अडकते, तिने पाइप वाचणे थांबवले की पाइप भरू लागतो, आणि तो भरला की मूळ प्रोग्राम पूर्वीसारखाच थांबतो. फरक एवढाच की लिनक्समध्ये पाइपची क्षमता ६५,५३६ बाइट असते. २१० अक्षरांचे सुमारे ३१२ संदेश, म्हणजे एका बिघडलेल्या सेन्सरला दहा तासांहून थोडे अधिक. एखादी रात्र निघून जाईल, चाचणीत सर्व काही ठीक दिसेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत कागद संपला तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाचन बंद पडलेले असेल. साध्या फाइलला अशी मर्यादा नाही. ती डिस्क भरेपर्यंत कोणालाही अडवत नाही.

आणखी एक सूचना. टेल अडकलेला असताना संगणक बंद केला, तर पोर्ट बंद होताना रांगेतील मजकूर निघून जाण्यासाठी लिनक्स ठरावीक काळच थांबतो, जो मुळात ३० सेकंदांचा असतो, आणि उरलेले टाकून देतो. वर ‘एन ०’ दिल्यामुळे पुढच्या वेळी टेल जुने संदेश छापणार नाही. ते चुका या फाइलमध्ये सुरक्षित असतील, परंतु कागदावर येणार नाहीत, याची कल्पना रखवालदारांना देऊन ठेवावी.

---

कुपवाड_शीतगृह

दोन्ही आज्ञा वेगळ्या करून आज चाचणी घेतली. सकाळी ११ वाजता एका सेन्सरची वायर काढली, प्रिंटरमधून कागद काढून घेतला आणि दुपारी १ वाजेपर्यंत तसेच ठेवले. नोंदीच्या फाइलमध्ये प्रत्येक दोन मिनिटांचे आकडे आहेत, एकही गाळलेला नाही. कागद घातल्यावर साचलेले सर्व संदेश क्रमाने छापले गेले, त्याला सुमारे एक मिनिट लागले.

चाचणीत एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. संदेश उशिरा छापले गेले तर मामा सहीपुढे घालतात ती वेळ छपाईची असते, बिघाडाची नसते. म्हणून प्रोग्राममध्ये बदल करून प्रत्येक संदेशाच्या पहिल्याच ओळीत तारीख आणि वेळ घातली आहे, आणि सहीच्या रकान्याला ‘पाहिल्याची वेळ’ असे नाव दिले आहे.